रॅपमधली गल्ली आणि आपली गल्ली, एवढा फरक का?

कुर्लेकर_मावशी
माझा भाचा १५ वर्षांचा आहे, दिवसभर मोबाईलवर बीट लावून रॅप लिहित असतो आणि खरंच छान बसवतो. पण परवा त्याची वही बघितली तर सगळं घोडा म्हणजे पिस्तूल, केस, दुश्मन, तडीपार. अरे तू पोलीस स्टेशनची पायरी चढलेला नाहीस, पप्पा रिक्षा चालवतात, पहाटे ५ ला पाणी येतं तेव्हा हंडे तूच भरतोस, ते लिही की. तर म्हणतो मावशी ते कोण ऐकणार. रॅप ऐकणाऱ्यांनी सांगा, खरंच कोणी ऐकत नाही का?

अंधेरी_पूर्व
ऐकतात ताई. रॅपर नेझी तर तुमच्या कुर्ल्याचाच, २०१४ ला त्याने आफत हे गाणं आयपॅडवर शूट केलं, ना गाड्या ना सेट, मागे आपल्यासारखीच वस्ती. दुसरा रॅपर डिव्हाईन आमच्या अंधेरीतल्या जेबीनगरचा. २०१५ ला दोघांचं मेरे गली में आलं तेव्हा आम्ही पोरं नाक्यावर एकाच फोनवर दहा दहा वेळा बघायचो. मग २०१९ ला त्यांच्यावरून गली बॉय पिक्चर आला, एक कुर्ल्याचा एक अंधेरीचा आणि हिरो मात्र धारावीत राहतो, म्हणजे बाहेरच्याला झोपडपट्टी म्हटलं की धारावीच आठवते. मला वाटतं तिथून पोरं आपली गल्ली सोडून पिक्चरमधली गल्ली लिहायला लागली.

ताडीवाला_रोड_पुणे
थोडं वेगळं बोलतो. रॅपर एमसी स्टॅन आमच्या इथला, त्याच्या गाण्यात शिव्या आहेत भांडणं आहेत आणि ते खोटं नाहीये. माझा शाळेतला मित्र अशाच एका भांडणात गेला, आम्ही २० वर्षांचे पण नव्हतो. त्यामुळे मारामारी लिहूच नको असं पोराला सांगू नका, फक्त ज्याने भोगलंय त्याने लिहावं. भाच्याने हंडा भोगलाय तर हंडा लिहावा, त्यात कमीपणा काय?

नव्वद_फूट_रोड
धारावीची आहे म्हणून बोलते. आमच्या रॅपर एमसी अल्ताफने आमचा पिनकोड गाण्यात आणला, कोड मुंबई १७, तेव्हा लय भारी वाटलेलं. पण बहुतेक गाण्यांत बाई म्हणजे एकतर आई नाहीतर सोडून गेलेली पोरगी. १३ कंपाऊंडला दिवसभर प्लास्टिक निवडणाऱ्या बायका, संडासच्या लाईनीत होणारी भांडणं, पापड लाटता लाटता एकमेकींना सांगितलेली दुःखं, हे कुठल्या गाण्यात आहे? आता पुनर्विकासाचा सर्व्हे झाला, पोटमाळ्यावर राहणाऱ्यांना घर धारावीत नाही, बाहेर देणार म्हणतात, आमच्याकडे रोज रात्री हाच विषय. ह्याच्यावर कोणीतरी लिहा रे, मी पहिली शेअर करेन.

कुर्लेकर_मावशी
सगळ्यांचे आभार, त्याला शेजारी बसवून वाचून दाखवलं. ताडीवाला रोडवाल्या दादांचं ऐकून गप्पच झाला. आज पहाटे हंडे भरताना फोन नळापाशी धरून उभा होता, म्हणतो रिकाम्या हंड्यात पाणी पडतं त्या आवाजाचा बीट करायचाय. शेजारच्यांचा आरडाओरडा पण येतोय त्यात, तो तसाच ठेवायचा म्हणतोय. फोनवर हे जोडायला कुठलं फुकट ॲप बरं आहे?