धर्मशिक्षणाच्या बाईंची वर्षाची मिस्सा आणि स्मरणपुस्तिका: काय छापावं, कुठे अडतं?

पानमळा_वसई
आमच्या गावात मुलांना प्रथम कम्युनियन आणि दृढीकरण या कॅथलिक संस्कारांसाठी तयार करणाऱ्या बाई गेल्या. दिवाळीनंतर वर्ष होईल. जुने विद्यार्थी मिळून मिस्सा (चर्चमधली उपासना) आणि ३२ पानी पुस्तिका असा बेत आहे. कुणी म्हणतं, बाईंना उद्देशून प्रार्थना छापा. कुणाला त्यांनी शिकवलेली गीतं हवीत. त्यांच्या आवाजातल्या काही कॅसेट सापडल्यात, पण बुरशी धरलेल्या. जाणकारांनी सांगावं.

घंटाघर
आधी तारीख. वर्षाचा दिवस रविवारी आला तर उपासना रविवारचीच राहते, वाचनं बदलत नाहीत. बाईंचं नाव मिस्सेच्या हेतूत आणि श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत घेता येतं, तेवढंच. मृतांसाठीची खास वाचनं हवी असतील तर आठवड्यातला वार निवडा. पहिल्या वर्षाच्या मिस्सेला सवलत मोठी असते. राखेचा बुधवार आणि ईस्टरआधीचा पवित्र आठवडा सोडला तर साध्या वारी सहसा अडचण येत नाही.

भाषण प्रवचनाच्या जागी नको. कम्युनियननंतरची प्रार्थना झाली की एकाच माणसाने, लिहून आणलेलं, चार मिनिटांत. दोघांना बोलायला दिलं की तिसरा उठतोच.

बाईंना उद्देशून प्रार्थना छापू नका. ज्यांना चर्चने धन्यवादित (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलेलं नाही त्यांची सार्वजनिक भक्ती चालत नाही, आणि तशी प्रक्रिया सुरू करायलाही मृत्यूनंतर साधारण ५ वर्षं थांबावं लागतं. त्यांच्यासाठी प्रार्थना छापा. स्वतः रचलेल्या प्रार्थना घालणार असाल तर प्रूफ आधी फादरांना दाखवा. प्रार्थनापुस्तकाला बिशपांची परवानगी लागते. आठवणींच्या मजकुराला ती लागत नाही.

वहीतलं_पान
गुणवर्णनाची ३२ पानं कुणी दुसऱ्यांदा उघडत नाही. ‘बाई कशा होत्या?’ असं विचारलंत की दहाही जण ‘देवमाणूस’ म्हणणार आणि थांबणार. श्रद्धा घडली ती शिकवण्यातून, तेव्हा शिकवणं लिहून घ्या. पाप म्हणजे काय हे आठ वर्षांच्या पोराला त्या कशा सांगत? पहिल्या प्रायश्चित्ताची, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याची, भीती कशी घालवत? बायबलमधली उधळ्या पुत्राची गोष्ट सांगताना कुठे थांबत आणि मुलांना काय विचारत? एखाद्याने ‘देव दिसत का नाही?’ विचारलं तर गप्प करत की उत्तर देत? पाठांतर चुकलं तर काय होई? छडी असेल तर छडीही येऊ द्या, ती गाळली तर जुने विद्यार्थीच हसतील.

माणसं एकेकटी गाठा. घोळक्यात ज्याचा आवाज मोठा त्याची आठवण सगळ्यांची होऊन बसते. बोलीत सांगितलेलं बोलीतच उतरवा, सामवेदी असो की वाडवळी. बाहेरच्यांसाठी खाली चार शब्दांचे अर्थ दिले की पुरे.

मुलांच्या वह्या मिळाल्या तर सोनं. रंगीत स्कॅन करा, ३०० डीपीआयला, म्हणजे बाईंची लाल शाई आणि मुलाची पेन्सिल वेगळी दिसते. जुने छोटे फोटो ६०० ला. खासगी पत्रांना मात्र घरच्यांची संमती घ्या.

रेवदंडा_टेप
बुरशीची कॅसेट प्लेअरमध्ये घालू नका. बुरशी हेडला (प्लेअरचा टेप वाचणारा भाग) लागते, तिथून पुढच्या कॅसेटला, आणि चिकटलेली टेप तुटते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोनेक आठवडे सुकवा. मग चार-पाच स्क्रू असलेली कॅसेट उघडून रिळं दुसऱ्या स्वच्छ कवचात बसवता येतात. स्क्रू नसून कवचच चिकटवलेलं असेल तर जाणत्याकडे द्या. कडेच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आधीच मोडा, चुकून वरून रेकॉर्ड व्हायचं नाही. पहिल्यांदा वाजेल तेव्हाच कॉम्प्युटरवर डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये रेकॉर्डिंग चालू हवं. दुसऱ्यांदा वाजेल याची खात्री नसते. प्रत्येक कॅसेटनंतर हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा.

वेंगुर्ला_छापखाना
गीतांचं: आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट चालतो. नारायण वामन टिळक (हेही कोकणातलेच, करजगावचे) १९१९ साली गेले, त्यांची गीतं खुशाल छापा. फादर स्टीफन्सच्या १६१६ सालच्या ख्रिस्तपुराणातल्या ओव्यांनाही आडकाठी नाही. अलीकडच्या गीतांना आणि बायबलच्या नव्या भाषांतरांना लेखी परवानगी घ्या. ती नसेल तर गीताची पहिली ओळ देऊन सोडा, गाणाऱ्याला पुरते.

कागद ८०-९० जीएसएम (जाडीचं माप) मॅपलिथो, म्हणजे बिनचकाकीचा साधा, घ्या. आर्ट पेपर दमट हवेत पानाला पान चिकटवतो. पिना तर खाऱ्या वाऱ्यात गंजतात आणि मधल्या पानांवर तांबूस डाग उतरतात, म्हणून दोऱ्याची शिलाई सांगा. थोडी महाग, पण टिकते. पानं चारच्या पटीत लागतात, ३२ बरोबर बसतात, कव्हर वेगळं.

जुना टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणताना रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ हमखास मोडतात. प्रूफ स्क्रीनवर वाचू नका, कागदावर काढा आणि गावातल्या नावांवर एकदा बोट ठेवून फिरा.

पानमळा_वसई
आभार. गीतांची यादी आणि परवानगीची पत्रं या आठवड्यात सुरू करतो. @रेवदंडा_टेप, दोन कॅसेटना स्क्रूच नाहीत. वसई-विरारकडे असं काम करणारं कुणी माहीत असेल तर निरोप टाका.