मुतखडा: कशाचा होतो, कुणाला होतो?

मूत्रविकार, लॅब, सीटी-सोनोग्राफी, आहार आणि वॉर्ड अशा कामांतल्या मंडळींना या धाग्यावर मुद्दाम बोलावलं आहे. ‘अमक्या काढ्याने खडा पडला’ हे इथे नको. रोजच्या कामात काय दिसतं, कुठे चुकतं आणि का, तेवढंच लिहा. पहिला प्रश्न साधाच आहे: मुतखडा होतो कुणाला?

मूत्रविकार विभाग

खडा कोणता, त्यावर ‘कुणाला’ याचं उत्तर ठरतं. पाक फार घट्ट झाला की भांड्याच्या कडेला साखर धरते, तसंच लघवीत होतं. पाणी कमी आणि क्षार जास्त झाले की कण सुटतात आणि एकमेकांना चिकटतात. साधारण ८० टक्के खडे कॅल्शियमचे असतात आणि त्यांतले बहुतेक कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट म्हणजे पालकासारख्या भाज्यांत भरपूर असणारा पदार्थ). युरिक ॲसिडचा दहातला एखादा.

कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा पुरुषांत जास्त, साधारण तिशी ते साठीत दिसतो. उन्हात किंवा भट्टीपाशी राबणारे, घरात कुणाला खडा झालेला असणारे आणि आतड्याचा जुनाट आजार किंवा वजन उतरवण्याची बायपास शस्त्रक्रिया झालेले यांनी जास्त जपावं. आतड्यात चरबी नीट पचली नाही की ती कॅल्शियमला धरून बसते. मग एरवी कॅल्शियमला बांधलं जाणारं ऑक्झलेट मोकळं राहतं आणि रक्तात शिरतं. युरिक ॲसिडचा खडा गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी), मधुमेह आणि लठ्ठपणाच्या वाटेने येतो. स्ट्रुव्हाइट, म्हणजे जंतुसंसर्गातून बनणारा खडा, वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्यांचा, म्हणून बायकांत जास्त. तो कधी कधी मूत्रपिंडाच्या सगळ्या कप्प्यांत सांबराच्या शिंगासारखा पसरतो आणि तोवर फारसं दुखतही नाही. लहान मुलाला खडा झाला तर आनुवंशिक कारण शोधल्याशिवाय फाइल बंद करू नये. आणि कॅल्शियमचे खडे परत परत होत असतील तर रक्तातलं कॅल्शियम तपासाच. ते वाढलेलं निघालं तर गळ्यातल्या, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या पॅराथायरॉइड ग्रंथीकडे बघायचं.

लॅब

आमची एकच तक्रार: पडलेला खडा लोक टाकून देतात. कळ आल्यापासून प्रत्येक लघवी बारीक गाळणीतून किंवा पातळ कापडातून गाळा. खडा वाळूच्या कणाएवढाही असतो, म्हणून गाळणी उजेडात धरून बघा. साध्या पाण्याने धुऊन कोरडा करा आणि छोट्या डबीत ठेवा. फॉर्मॅलिनमध्ये बुडवू नका, चिकटपट्टी लावू नका. गोंदामुळे खडा कशाचा ते सांगणाऱ्या इन्फ्रारेड तपासणीत घोळ होतो.

दिवसभराची लघवी डब्यात साठवून तपासतात, त्या २४ तासांच्या लघवीत सर्वांत जास्त चुका होतात. सकाळी ७ वाजता सुरू करणार असाल तर ७ ची लघवी बाहेर टाका आणि वेळ लिहा. त्यानंतरची प्रत्येक लघवी डब्यात, दुसऱ्या दिवशी ७ वाजताची धरून. दोन्ही सकाळच्या घातल्या की आकडे फुगतात. शौचाच्या वेळची आणि कामाच्या ठिकाणची लघवी हमखास निसटते. डब्यात आधीपासून आम्ल घातलेलं असेल तर ते ओतून देऊ नका आणि थेट डब्यात लघवी करू नका, मगात धरून मग ओता. चोरी क्रिएटिनिनवरून (स्नायूंतून रोज जवळपास ठरावीक मापात लघवीत येणारा पदार्थ) कळते: दिवसभरात ते पुरुषांत दर किलो वजनामागे साधारण २० मिलिग्रॅम, बायकांत १५. फारच कमी आलं की एखादी खेप संडासात गेली.

अजून एक. तपासणीच्या दिवशी शहाण्यासारखं तीन लिटर पाणी पिऊन येणारे बरेच असतात. त्या आकड्यांचा काही उपयोग नाही. नेहमीचं खाणं, नेहमीचं काम असा दिवस निवडा. कळ शमल्यावर महिना-दीड महिन्याने.

सीटी-सोनोग्राफी

‘सोनोग्राफी नॉर्मल, म्हणजे खडा नाही’ असं धरू नका. मूत्रनलिकेच्या (मूत्रपिंडातून मूत्राशयात येणाऱ्या नळीच्या) मधल्या भागातला खडा आतड्यातल्या वायूमागे दडतो. डाय (शिरेतून द्यायचं रंगद्रव्य) न देता केलेला सीटी जवळजवळ सगळं दाखवतो. युरिक ॲसिडचा खडा साध्या एक्स-रेत दिसत नाही, सीटीत दिसतो. गरोदरपणात मात्र सुरुवात सोनोग्राफीनेच.

रिपोर्टमध्ये आकार आणि जागा दोन्ही वाचा. ४ मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक आपोआप पडतात. ५ ते १० मधले साधारण निम्मे. खालच्या टोकाला, मूत्राशयाच्या तोंडाशी आलेला खडा पडण्याची शक्यता वरच्यापेक्षा जास्त.

आहार

कॅल्शियमचा खडा म्हणून दूध-दही बंद करणं हा सर्वांत जुना आणि सर्वांत हट्टी गैरसमज. जेवणातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधतं आणि ते शौचावाटे जातं. कॅल्शियम बंद केलं की ऑक्झलेट मोकाट. २००२ मध्ये इटलीत झालेल्या पाच वर्षांच्या अभ्यासात कमी कॅल्शियम खाणाऱ्यांत ३८ टक्क्यांना पुन्हा खडे झाले. कॅल्शियम नेहमीएवढं ठेवून मीठ आणि मांस कमी करणाऱ्यांत २० टक्क्यांना. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम, जेवणातून. गोळी घ्यायचीच असेल तर जेवणासोबत, रात्री उपाशीपोटी नाही.

खरा हात आखडायचा तो मिठावर, दिवसाला जास्तीत जास्त ६ ग्रॅम. सोडियम लघवीवाटे जाताना कॅल्शियमलाही ओढून नेतं. पालक कमी करा, पण टोमॅटोच्या बियांना उगाच बदनाम करू नका. व्हिटॅमिन सीच्या १००० मिलिग्रॅमच्या गोळ्या रोज घेत असाल तर थांबवा, शरीरात त्यातलं काही ऑक्झलेट होतं.

पाणी किती प्यायलं हे मोजू नका. लघवी अडीच लिटर झाली का ते बघा. एक दिवस मापाच्या भांड्यात मोजली की अंदाज बसतो.

मूत्रविकार विभाग, पुन्हा

पाण्याबद्दल भर: ऐन कळीत तांब्यावर तांब्या रिचवून खडा ‘ढकलला’ जात नाही, मागचा दाब आणि उलट्या मात्र वाढतात. युरिक ॲसिडचा खडा औषधाने विरघळू शकतो: पोटॅशियम सायट्रेट देऊन लघवीचा पीएच (आम्लतेचं माप, जास्त म्हणजे आम्ल कमी) ६.५ ते ७ मध्ये ठेवायचा. त्याच्या वर गेला तर कॅल्शियम फॉस्फेट जमू लागतं, म्हणून पट्टीने घरी तपासत राहा. मूत्रपिंड कमजोर असेल तर हे औषध मनाने घेऊ नका, पोटॅशियम चढतं. कॅल्शियम ऑक्झलेटचा झालेला खडा विरघळवणारं औषध नाही.

वॉर्ड

मुतखड्याचा रुग्ण एका जागी थांबत नाही. उठतो, गुडघे पोटाशी घेतो, पुन्हा फिरतो, कंबरेला मुठी दाबतो. कळ पाठीच्या कुशीतून जांघेत उतरते. पोट लाकडासारखं कडक करून निपचित पडलेला माणूस दिसला तर दुखणं वेगळं असण्याची शक्यता जास्त.

थंडी वाजून ताप आला तर घरी वाट बघायची नाही. अडलेल्या लघवीत संसर्ग म्हणजे काही तासांत रक्तात विष. त्या वेळी खडा काढण्याआधी स्टेंट (मूत्रनलिकेत आत ठेवायची बारीक नळी) किंवा बाहेर काढलेली नळी टाकून लघवीला वाट करून देतात. एकच मूत्रपिंड असेल, किंवा लघवीच बंद झाली असेल, तरी हाच नियम. दुखणं थांबलं म्हणजे खडा पडला असंही नाही. अडून बसलेला खडा मुकाट्याने मूत्रपिंड निकामी करू शकतो, म्हणून पुन्हा तपासणी हवीच.

असा स्टेंट (डीजे स्टेंट) असेपर्यंत घाईची लघवी, लालसर रंग आणि लघवी करताना कुशीत ओढ ठरलेली. पण तो कधी काढायचा ती तारीख कार्डावर लिहून घेतल्याशिवाय घरी जाऊ नका. तीन महिन्यांपुढे विसरलेल्या स्टेंटवरच खडा धरतो.