मदत हवी आहे: सेल्फ दाबला की मीटरवरचे दिवे मंद होतात, सोमवारच्या आत गाडी नीट व्हायला हवी

वाशिष्ठी_काठ · शनिवार, सकाळी 8:10

गेले आठ दिवस या मोटरसायकलने जीव खाल्लाय. इंडिकेटर लावला की मीटरमधला हाय बीमचा निळा दिवा त्याच्याच तालावर मंद लुकलुकतो. सेल्फ दाबला की न्यूट्रलचा हिरवा दिवा जवळजवळ विझतो आणि इंजिन जीव नसल्यासारखं ओढत फिरतं. किक मारली की लगेच सुरू. एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा कधी जातो, कधी जातच नाही. फ्यूज बघितले, कपलर काढून घातले, सगळं चेक करून झालं. दोन मेकॅनिकना दाखवली. एक म्हणाला पूर्ण वायरिंग किट बदला, दुसरा म्हणाला मीटर बदला.

मला सोमवारी पहाटे कुंभार्ली घाटातून कराडला ड्युटीवर हजर व्हायचंय. पाऊस आहे. नेमकं काय बदलायचं ते कुणी तरी सांगा, म्हणजे आजच पार्ट घेऊन येतो.

मंजिरी_पुणे · 8:26

गाडी कोणती, किती सालची? बीएस-4 की बीएस-6 (प्रदूषणाच्या नियमांची श्रेणी)? बॅटरी किती जुनी? 'सगळं चेक केलं' म्हणजे मल्टीमीटर लावून की नुसतं डोळ्यांनी?

निखिल_नागपूर · 8:31

भाऊ, बॅटरी गेली. डोळे मिटून बदलून टाका. माझ्या गाडीला मागच्या वर्षी हेच झालं होतं, सेल्फ मारला की मीटर विझायचं. नवी बॅटरी टाकली, विषय संपला.

वाशिष्ठी_काठ · 8:44

बॅटरी या आठवड्यातच नवी टाकली आहे, ते लिहायचं राहिलं. काहीच फरक पडला नाही. गाडी 2019 ची, 350 सीसी, बीएस-4, कार्ब्युरेटरची. मल्टीमीटर शेजाऱ्यांकडे आहे, पण नेमकं कुठे लावायचं ते सांगा.

सह्यगिरी · 8:52

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या. स्कॅनर लावला की कोड येतो, मग अंदाजपंचे काही करावं लागत नाही.

मंजिरी_पुणे · 8:57

कार्ब्युरेटरच्या बीएस-4 गाडीत इंजिनचा कोड कुठून येणार? इंजिन चेकचा दिवा बीएस-6 गाड्यांमध्ये सक्तीचा झाला, म्हणजे एप्रिल 2020 पासून. या गाडीत स्कॅनर फार तर एबीएसच्या युनिटशी बोलेल. सेल्फ का ओढत फिरतो हे तो सांगणार नाही.

सह्यगिरी · 9:03

एबीएसचा दिवा लागतोय असं त्यांनीच लिहिलंय. म्हणून स्कॅनर म्हणालो.

तांबडीमाती · 9:10

बाहेरून एलईडी इंडिकेटर लावलेत का? नव्वद टक्के वेळा तेच कारण असतं. जुन्या पद्धतीच्या मीटरमध्ये डावीउजवीकडच्या इंडिकेटरना मिळून एकच छोटा बल्ब असतो, तो दोन्ही बाजूंच्या वायरींच्या मधे जोडलेला. साधे बल्ब असताना एका बाजूचा करंट या छोट्या बल्बातून पलीकडच्या बाजूला जातो, पण तिथले मोठे बल्ब पेटण्याइतका नसतो. एलईडीला तेवढाच पुरतो. मग चारही इंडिकेटर एकदम लुकलुकतात. उपाय सोपा आहे, दोन डायोड टाका.

वाशिष्ठी_काठ · 9:15

एलईडी मागचे दोन आहेत, पण ते दोन वर्षांपासून आहेत. त्रास आत्ता सुरू झालाय. आणि चारही लुकलुकत नाहीत, निळा दिवा लुकलुकतो.

तांबडीमाती · 9:19

तरीही एकदा मूळ बल्ब लावून बघा. खर्च काही नाही.

आबा_सातारा · 9:30

इंजिन ऑइल कधी बदललंत? पावसाळ्याच्या तोंडावर ऑइल बदलून चेन साफ केली की गाडीचे निम्मे आजार जातात. मी माझ्या गाडीला दर 3000 किलोमीटरला बदलतो.

जुना_वायरमन · 9:48

31 वर्षं बस डेपोत इलेक्ट्रिशियनचं काम केलंय, म्हणून सांगतो. पार्ट आणायला धावू नका. वायरिंग किट नको, मीटर तर नकोच. आधी चार आकडे द्या. मल्टीमीटर डीसी 20 व्होल्टवर ठेवा, दोन्ही टोकं थेट बॅटरीच्या टर्मिनलना.

गाडी बंद असताना किती? चावी लावून हेडलाइट चालू असताना किती? सेल्फ दाबलेला असताना किती? किक मारून सुरू करून थोडं रेस दिल्यावर किती?

सेल्फ तीन-चार सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका.

निखिल_नागपूर · 9:55

नवी बॅटरीही कधी कधी खराब निघते काका. माझ्या भावाला निघाली होती.

जुना_वायरमन · 9:58

निघते ना. म्हणूनच आकडे मागतोय.

वाशिष्ठी_काठ · 10:40

बंद: 12.7. चावी आणि हेडलाइट: 12.3. सेल्फ दाबल्यावर: 11.6. सुरू करून रेस दिल्यावर: 14.1.

घाटमाथा · 10:46

आरआर युनिट (रेग्युलेटर-रेक्टिफायर, चार्जिंगचा व्होल्टेज सांभाळणारा भाग) बदला. चार्जिंगचा घोळ आहे. मी स्वतः दोनदा बदललंय.

जुना_वायरमन · 11:02

14.1 आले असताना आरआर युनिट का बदलायचं? साडेतेरा ते साडेचौदाच्या मधे असलं की चार्जिंग ठीक. वीज तयार करणारी स्टेटर कॉइलही ठीक, नाही तर हा आकडा दिसलाच नसता.

खरी गोष्ट तिसऱ्या आकड्यात आहे. सेल्फची मोटर करंट भरपूर ओढते. बॅटरी मरतुकडी असती तर सेल्फ दाबताच आकडा 9 च्या खाली कोसळला असता. यांची बॅटरी 11.6 वर ठाम आहे आणि मोटर तरी ओढत फिरतेय. म्हणजे बॅटरी द्यायला तयार आहे, पण मोटरपर्यंत पोचत नाही किंवा परत येत नाही. अडथळा वाटेत आहे. निखिलभाऊ, बॅटरीचा विषय इथे संपला.

आता पुढची चाचणी. काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलला. लाल टोक इंजिनच्या एखाद्या उघड्या, रंग नसलेल्या बोल्टला. कुणाला तरी सेल्फ दाबायला सांगा आणि आकडा वाचा. 0.2 च्या आसपास असेल तर अर्थ उत्तम. अर्धा व्होल्ट दिसला तरी संशय घ्या. आणि चाचणी झाली की क्लचच्या केबलला हात लावून बघा. जपून.

सह्यगिरी · 11:08

अर्थ म्हणजे जमिनीत जातो तो ना? गाडी रबरी टायरवर उभी. मग तिला अर्थ कुठून? पेट्रोलच्या टँकरला मागे साखळी लोंबत असते तसं काही करतात का?

आबा_सातारा · 11:15

आमच्या घरी खड्डा खणून मीठ आणि लोणारी कोळसा घालून अर्थिंग केलंय. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं, नाही तर फ्रिजला झटका लागतो.

मंजिरी_पुणे · 11:24

घरचं अर्थिंग वेगळं, ते झटक्यापासून वाचायला असतं. टँकरची साखळी स्थिर वीज जमिनीत सोडायला. गाडीतल्या 'अर्थ'चा मातीशी काही संबंध नाही. बॅटरीचा निगेटिव्ह चासी (गाडीचा लोखंडी सांगाडा) आणि इंजिनला जोडलेला असतो, आणि दिव्यांचा, हॉर्नचा, सेल्फचा करंट त्या लोखंडातूनच परत येतो. म्हणजे प्रत्येक वस्तूला परतीची वेगळी वायर बॅटरीपर्यंत न्यावी लागत नाही.

तांबडीमाती · 11:29

आणि नेहमी निगेटिव्हच असतो असंही नाही. जुन्या ब्रिटिश बीएसए, ट्रायम्फ गाड्यांत पॉझिटिव्ह चासीला असायचा. काकांच्या तसल्या एका गाडीला आम्ही उलटी बॅटरी लावली होती, ती गोष्ट पुन्हा कधी.

वाशिष्ठी_काठ · 11:50

3.8 आले!! आणि क्लचची केबल खरंच गरम झाली. वरच्या टोकाला हात ठेवता येत नाही. हे काय आहे? आग लागेल का?

जुना_वायरमन · 12:05

आता सेल्फ अजिबात मारू नका. गरज पडली तर किक. केबल वितळते, आवरण जळतं, आणि ती जाते टाकीखालून.

काय चाललंय ते समजून घ्या. पाण्याची पाट बुजली की पाणी थांबत नाही, बांध फोडून शेजारच्याच्या वावरात शिरतं. तुमच्या इंजिनपासून बॅटरीकडे परत यायची जाड वाट बंद पडली आहे. सेल्फचा करंट मग क्लचच्या केबलमधून हँडलवर चढून तिथून वाट काढतोय. ती केबल विजेसाठी बनवलेलीच नाही, म्हणून तापते.

दिव्यांचंही तसंच. न्यूट्रलच्या स्विचला इंजिनमधून अर्थ मिळतो. सेल्फ दाबताना इंजिनच 3.8 व्होल्टवर चढलं, तर हिरव्या दिव्याच्या वाट्याला उरलं काय? म्हणून तो विझल्यासारखा दिसतो. इंडिकेटरचा करंटही परतताना नेहमीची वाट सापडली नाही की निळ्या दिव्यातून जातो, म्हणून तो त्याच तालावर लुकलुकतो. मीटर बिचारं निर्दोष आहे.

आता सांगा, या वर्षात गाडी उघडली होती का? इंजिन उतरवलं? रंगकाम? अपघात?

वाशिष्ठी_काठ · 12:20

अपघात नाही. मे महिन्यात चासी गंजली होती म्हणून इथल्याच एका वर्कशॉपमध्ये पूर्ण उघडून पावडर कोटिंग करून घेतलं. पण त्याचा विजेशी काय संबंध? काम एकदम सुंदर झालंय, वायरिंग जसंच्या तसं बसवलंय.

मंजिरी_पुणे · 12:23

हे पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं!

जुना_वायरमन · 12:41

सापडलं. पावडर कोटिंग म्हणजे भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर भाजून बसवलेला प्लास्टिकचा थर. गंजाला उत्तम, विजेला भिंत. अर्थच्या वायरीच्या टोकाची गोल कडी, म्हणजे थिंबल, जिथे चासीला बोल्टने बसते ती जागा कोटिंगच्या आधी टेपने झाकायला हवी होती, किंवा नंतर खरवडायला हवी होती. इंजिन जिथे चासीला बसतं तिथेही तेच. आता जो काही करंट जातोय तो बोल्टच्या आट्यांमधून कसाबसा.

खात्री हवी असेल तर जंप स्टार्टची केबल घ्या. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या बोल्टला. मग एकदाच सेल्फ मारा.

घाटमाथा · 12:50

पण कोटिंग मे मध्ये झालं आणि त्रास आत्ता. दोन महिने गाडी चालली कशी? मला आरआर युनिटच वाटतं.

जुना_वायरमन · 12:58

आट्यांमधला तेवढा स्पर्श कोरड्या हवेत पुरला. चिपळूणचा पाऊस सुरू झाला, आट्यांत ओल गेली, गंज धरला. आठ दिवसांपूर्वी तिथे काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

वाशिष्ठी_काठ · दुपारी 1:35

केबल लावली. सेल्फ एका झटक्यात!! निळा दिवा लुकलुकायचा थांबला. आठ दिवस, एक बॅटरी आणि दोन मेकॅनिक. काका, आता पक्कं कसं करायचं ते सविस्तर सांगा.

जुना_वायरमन · 2:10

आधी बॅटरीचा निगेटिव्ह काढा. काढताना निगेटिव्ह पहिला, लावताना शेवटी, म्हणजे पाना चासीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. मग निगेटिव्हची जाड वायर कुठे जाते ते हाताने चाचपत जा. ती जिथे बसते तिथला बोल्ट काढा. थिंबलच्या आकाराएवढंच कोटिंग कानशीने आणि पॉलिश पेपरने खरवडा, चकचकीत लोखंड दिसेपर्यंत. जास्त खरवडू नका, गंज धरेल. थिंबलही घासा, हिरवट चढलं असेल तर कापून नवी दाबून घ्या. दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा, त्याचे दात धातूत रुततात. हँडलजवळ वायरिंगच्या काळ्या वायरी एकत्र येऊन चासीला बसतात, तीही जागा तशीच करा. मीटरचा प्रश्न बहुतेक तिथला आहे.

आणि एक वायर वाढवा: बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट इंजिनच्या बोल्टला, सेल्फच्या मूळ वायरइतकी जाड. चासीवर विसंबूच नका.

तांबडीमाती · 2:18

आवळायच्या आधी ग्रीस लावा. कोकणातल्या खाऱ्या हवेत कोरडा जोड टिकत नाही.

जुना_वायरमन · 2:25

आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन. आधी लावून मधे थर ठेवायचा नाही, ग्रीस वीज वाहून नेत नाही.

तांबडीमाती · 2:31

घट्ट आवळलं की ते बाजूला सरकतं आणि धातूला धातू लागतो. मी वीस वर्षं असंच करतोय, एकही जोड परत उघडावा लागला नाही.

मंजिरी_पुणे · 2:36

दोघांच्याही पद्धतीने जोड टिकलेत. धागाकर्त्यांकडे एकच रविवार आहे, त्यांना काम करू द्या.

वाशिष्ठी_काठ · रविवार, संध्याकाळी 6:20

काम झालं. निगेटिव्हचा बोल्ट काढला तर थिंबलखाली कोटिंग अखंड होतं, खरवडल्याची एक रेघसुद्धा नव्हती. आट्यांवर लाल गंज. दोन्ही जागा घासल्या, दातेरी वॉशर घातले, वरून व्हॅसलिन. इंजिनला वेगळी वायर टाकली. आता सेल्फ दाबताना 3.8 च्या जागी 0.08 येतंय. क्लचची केबल पूर्ण बदलली, आतलं आवरण वितळून चिकटलं होतं.

फक्त एबीएसचा दिवा अजून आहे. चावी लावली की लागतो आणि उभ्या गाडीवर जातच नाही.

मंजिरी_पुणे · 6:28

उभ्या गाडीवर तो जाणारच नाही. चाक फिरून सेन्सरकडून वेग कळला की मगच युनिट तो विझवतं. साधारण 10 च्या वेगाने थोडं अंतर चालवून बघा. तरी राहिला तर पुढच्या चाकाजवळच्या सेन्सरचं टोक आणि दातेरी कडी चिखलातून साफ करा. त्यानंतरही राहिला तर ब्रेक लागतील, पण चाक लॉक होऊ शकतं. ओल्या घाटात अशी गाडी घेऊन जाऊ नका, एसटी पकडा.

वाशिष्ठी_काठ · 7:05

बहादूरशेख नाक्यापर्यंत जाऊन आलो. गल्लीच्या तोंडाशीच दिवा विझला, परत लागला नाही. दोनदा बंद करून सुरू केली, तरी ठीक. काका, मंजिरीताई, मनापासून आभार. पहाटे साडेचारला निघतोय.

जुना_वायरमन · 7:12

निघायच्या आधी दोन्ही बोल्ट एकदा पान्याने तपासा. ताजा आवळलेला बोल्ट पहिल्या धावेत थोडा बसतो. कराडला पोचलात की परत एकदा.