धरणाखाली गेलेल्या गावाच्या जुन्या नकाशावरून घराण्याचा माग कसा काढावा? सल्ला हवा आहे

कोयनाकाठची_लेक

नमस्कार मंडळी. आमचं मूळ गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या काठाला होतं. १९६०च्या दशकात ते शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात गेलं. आजोबांना ठाणे जिल्ह्यात पुनर्वसनाची जमीन मिळाली, पण ते गिरणीत होते आणि लालबागला गावच्या गाळ्यात, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक खोलीत राहायचे, त्यामुळे घर मुंबईतच रुजलं. आज आमच्यात पणजोबांच्या मागचं नाव कुणालाच सांगता येत नाही. आजीकडून ऐकलेल्या दोन गोष्टी मात्र पक्क्या आहेत. आमची वाडी गावठाणापासून सुटी, ओढ्याच्या पलीकडे होती आणि वाडीला लागूनच भैरोबाचं देऊळ होतं.

आता चुलत्यांच्या ट्रंकेत गावाच्या नकाशाची एक छापील प्रत निघाली आहे. घड्यांवर फाटलीय, पण वाचता येते. शेतांच्या आकृत्या आहेत, त्यात आकडे आहेत, ओढा आहे. नाव एकाचंही नाही. या आकड्यांवरून माणसांपर्यंत पोचता येतं का? आणि गावच पाण्याखाली असल्यावर त्याचे कागद कुठल्या कचेरीत असतात? ज्यांनी आपल्या घराण्याचा असा शोध घेतलाय त्यांनी कृपया लिहा.

निवृत्त_मोजणीदार

ताई, पोचता येतं. माझी सगळी नोकरी भूमी अभिलेख खात्यात गेली, त्यामुळे सविस्तर लिहितो.

गावनकाशावर नावं नसतातच, आकडेच असतात. तो आकडा म्हणजे सर्व्हे नंबर. प्रत्येक सर्व्हे नंबराच्या मागे वह्या आणि पत्रकं असतात आणि माणसं त्या वह्यांत सापडतात. नकाशाचं काम एवढंच, की हजारभर नोंदींतून आपल्याला कुठल्या चार नोंदी बघायच्या ते तो दाखवतो. तुमच्याकडे ओढा, वाडी आणि देऊळ अशा तीन खुणा आहेत, म्हणजे सुरुवातीलाच निम्मं काम झालंय. ओढ्याच्या पलीकडचे, देवळाला लागून असलेले सर्व्हे नंबर आधी वहीत उतरवून घ्या. शेजारच्या दोन-तीन नंबरांसकट घ्या, कारण भावकीची शेतं बहुधा एकमेकांच्या बांधाला असतात.

आपल्याकडची ही मोजणी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी बसवलेल्या पद्धतीवर उभी आहे. साताऱ्याचं राज्य १८४८ ला खालसा झालं, म्हणून तुमच्या भागातली इंग्रजी मोजणी त्यानंतरची. साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. ३३ गुणिले ३३ म्हणजे १०८९ चौरस फूट, तोच आपला गुंठा. मोजणीच्या जुन्या टिपणावर साखळी-आण्यांत मापं दिसली तर गोंधळू नका.

आता कागद. आकारबंदात क्षेत्र आणि आकार, म्हणजे शेतसारा, मिळेल, नाव नाही. मूळ मोजणीच्या वेळच्या खातेदाराचं नाव कडईपत्रकात किंवा शेतवार पत्रकात मिळतं. ती फार मोलाची पत्रकं आहेत, बहुतेक मोडीत आहेत आणि कित्येक ठिकाणी हात लावला की कागद तुटतो. त्यानंतर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हक्कनोंदणी आली आणि फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदी, सुरू झाले.

घराण्याच्या शोधाला वारसाच्या फेरफारासारखा दुसरा कागद नाही. ‘अमुक बिन तमुक मयत, वारस मुलगे तीन, पैकी धाकटा अज्ञान, अ.पा.क. आई’ अशी नोंद असते. एका ओळीत तीन पिढ्या हाती लागतात आणि आजोबा मेले तेव्हा धाकटा मुलगा लहान होता हेही कळतं. बिन म्हणजे अमक्याचा मुलगा, अज्ञान म्हणजे वयात न आलेला आणि अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नावापुढे ए.कु.मॅ. असेल तर तिथे थांबा. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्याच्या पाठचे भाऊ त्या उताऱ्यावर नसतात, पण असतात. त्यांची नावं पुढच्या वाटणीच्या फेरफारात निघतात. वंशावळीतून अख्खी शाखा गळते ती नेमकी इथे.

नकाशेवेडा_सातारा

मोजणीदार काकांनी सगळं सांगितलंच आहे. धरणग्रस्त गावांचं एक वेगळं आहे, तेवढं लिहितो.

जमीन संपादन झाली १८९४च्या भूसंपादन कायद्याने. त्यामुळे सरकारी राजपत्रात कलम ४ आणि ६ च्या अधिसूचना छापल्या गेल्या आणि शेवटी गावाचा निवाडा, म्हणजे मोबदल्याचा निर्णय, झाला. निवाड्याच्या जोडपत्रकात सर्व्हे नंबर, क्षेत्र, खातेदार, सहहिस्सेदार आणि कोणाला किती मोबदला ते येतं. घरं आणि झाडंही मोजलेली असतात. निवाडा मिळाला म्हणजे गाव उठण्याच्या दिवशी तिथे कोण होतं त्याची जवळजवळ पूर्ण यादीच मिळाली. साताऱ्याला जिल्हाधिकारी कार्यालयात भूसंपादन आणि पुनर्वसन या दोन्ही शाखांत विचारा. पुनर्वसन शाखेत गावाचं संकलन रजिस्टर मागा. त्यात कुटुंबप्रमुख, संपादित क्षेत्र आणि बदली जमीन कुठे दिली हे एकत्र दिसतं. कोयनेची माणसं ठाणे, रायगड, रत्नागिरी, सांगली, सोलापूर अशी विखुरली. तुमची भावकी आज कुठे आहे तेही तिथूनच कळेल.

गावाची जागा आजच्या नकाशावर बसवायची असेल तर क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर वापरा, फुकट आहे. जुन्या नकाशाचा सपाट ठेवून, सावली न पडता फोटो काढा. जुन्या-नव्या दोन्ही नकाशांवर दिसणारे न हललेले बिंदू लागतात, आणि इथेच अडतं, कारण गावठाण, देऊळ, नदीकाठ सगळं पाण्यात आहे. म्हणून वर बघा. शिवेची रेघ पाण्याच्या पातळीच्या वर डोंगरधारेने जाते, तिचे कोन घ्या. तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ती जागा सगळ्यांत भरवशाची. एकट्या गावनकाशाने जमत नसेल तर मधली पायरी म्हणून भारतीय सर्वेक्षण विभागाचं जुनं एक इंच-एक मैल पत्रक घ्या. कोयनेचं खोरं ४७ जी या गटात येतं. त्यावर वासोटा आणि जंगली जयगड आहेत, ते जागचे हलणार नाहीत. आधी ते पत्रक बसवा, मग त्यावर गावनकाशा. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने अमेरिकी लष्कराची अडीच लाखांच्या प्रमाणातली भारताची पत्रकं इंटरनेटवर खुली ठेवली आहेत. ती बहुतेक १९५०च्या दशकातली. खोऱ्यातली गावं ओळखायला पुरतात, शेत शोधायला नाही. नावं इंग्रजीत आणि त्यांच्या कानाला लागली तशी, तेव्हा जावळी ‘जाओली’ अशी सापडली तर दचकू नका.

उन्हाळ्यात पाणी उतरतं तेव्हा काही जुन्या जागा उघड्या पडतात. पण गाळ फसवा असतो. स्थानिक नावाडी बरोबर घेतल्याशिवाय उतरू नका.

बलुतं_ते_बूट

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. वरचे बहुतेक रस्ते ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांचे आहेत. आमच्यासारख्यांनी काय करायचं? माझे आजोबा महार वतनातले. आमचं नाव कडईपत्रकात शोधून सापडत नव्हतं. नकाशावर मात्र गावठाणाच्या पूर्वेला आमचा वाडा वेगळा दाखवलेला होता आणि त्याच्या खालच्या दोन सर्व्हे नंबरांपुढे रजिस्टरात वतन इनाम लिहिलेलं होतं. तो धागा धरून इनामाच्या नोंदी काढल्या. कनिष्ठ वतनं १९५८च्या कायद्याने बंद झाली, तेव्हा जमिनी रीग्रँट, म्हणजे पुन्हा बहाल, करताना वतनदार कुटुंबांची नावं फेरफारात आली. आमच्या पणजोबांचं नाव मला तिथे मिळालं, त्यांच्या चार भावांसकट.

कुळं असाल तर सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना वाचा आणि कुळकायद्याने कुळं मालक ठरली तेव्हाचे, १ एप्रिल १९५७ च्या आसपासचे फेरफार बघा. यांपैकी काहीच नसेल तर जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक, आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर. आणि ताई, निवाड्यात घरांचं मूल्यांकन असतं हे वर आलंय, ते भूमिहीन घरांसाठी फार कामाचं आहे.

कोयनाकाठची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. नकाशा भिंगाखाली धरून पुन्हा बघितला. ओढ्यापलीकडे देवळाची बारीक खूण आहे! तिच्याभोवती पाच सर्व्हे नंबर आहेत, त्यातल्या एकाच्या कडेला घरांचे ठिपके. हीच आमची वाडी असावी असं चुलतेही म्हणाले, बराच वेळ ते त्या ठिपक्यांवरून बोट फिरवत होते. आता कडईपत्रक मोडीत निघालं तर वाचून कोण देईल? आणि त्याच्या मागे, पेशवाईपर्यंत, काही मिळतं का?

मोडीवाचक_पुणे

मोडी येणारे लोक आता बरेच आहेत, पण मी सांगेन, तुम्हीच शिका. एका ठरावीक पत्रकापुरतं लागणारं मोडी दोन-तीन महिन्यांच्या सरावात जमतं, कारण तीच तीच नावं, तेच आकडे, तेच रकाने. आपल्या खापरपणजोबांचं नाव स्वतः वाचण्याचं मोल पैसे देऊन लिप्यंतर करून घेण्यात नाही. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ ही १९१० पासूनची संस्था आहे, तिथे चौकशी करा.

पेशवाईचे कागद पुणे पुराभिलेखागारात, म्हणजे पेशवे दफ्तरात. तिथे सर्व्हे नंबर चालत नाही. तिथे मौजे म्हणजे गाव, तर्फ म्हणजे काही गावांचा गट, मग परगणा किंवा प्रांत अशी वाट आहे, तेव्हा आपलं गाव कुठल्या तर्फेत होतं ते आधी शोधा. आणि आडनावावर विसंबू नका. जुन्या कागदांत ‘रामजी बिन सखोजी’ एवढंच असतं, पुढे फार तर पाटील किंवा चौगुला. तुमच्या खोऱ्यात एका गावात एकच आडनाव सर्रास, त्यामुळे आडनावाने काही वेगळं काढताही येत नाही. बापाचं नाव आणि शेताची जागा जुळली तरच माणूस आपला धरायचा.

दुसरी वाट तीर्थोपाध्यायांची. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर इथल्या उपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांची नावं गावाप्रमाणे लिहिलेली असतात. आज जिथे राहता ते सांगून उपयोग नाही, मूळ गाव आणि जुना परगणा सांगा. तुमच्या गावाहून आणखी दक्षिणेला, सांगली-कोल्हापूरकडे, हेळवी पिढीजात वंशावळ सांगतात. भावकीतलं एखादं घर तिकडे पुनर्वसित झालं असेल तर त्यांना विचारून बघा.

मांजराकाठ

आमचं लातूरकडचं. हेच सगळं आमच्याकडे लागू पडतं का?

निवृत्त_मोजणीदार

थोडं वेगळं, दादा. १९४८ पर्यंत तुमच्याकडे निजामाचा कारभार, त्यामुळे जुने कागद उर्दूत आणि साल फसली. फसलीत ५९० मिळवा, ईसवी सन येतं. १३५७ फसली म्हणजे १९४७-४८. खासरा पत्रकापासून सुरुवात करा, ते हैदराबाद मुक्तीनंतरचं आहे. वडिलांचं नाव ‘वलद’ लिहून पुढे येतं.

आणि सगळ्यांसाठी: गटवारी, म्हणजे शेतांचं एकत्रीकरण, झालेल्या गावात आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन जुन्या नकाशावर शोधू नका, भलत्याच्या शेतात जाल. १९४७च्या एकत्रीकरण कायद्यानंतर नंबर बदलले. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ एकत्रीकरण योजनेच्या नऊ-तीन, नऊ-चार नावाच्या उताऱ्यावर लागतो.

अंत्रुजकर

गोव्यातून वाचतोय. आमच्याकडे नकाशाआधी कुलदैवत विचारतात. सोळाव्या शतकात देवळं हलली तशी घराणीही हलली. कवळ्याची शांतादुर्गा मूळची केळशीची, प्रियोळचा मंगेश कुठ्ठाळीचा, म्हार्दोळची म्हाळसा वेर्ण्याची. त्यामुळे अंत्रुजातलं, म्हणजे फोंड्याकडचं, आजचं गाव आपलं मूळ गाव असेलच असं नाही. मूळ गावाचा पत्ता दैवताकडून घ्यायचा आणि मग त्या गावच्या कोमुनिदादीत, म्हणजे जुन्या गावसंस्थेत, आपला वांगड, म्हणजे कुळाचा गट, होता का ते बघायचं. कोकणात आणि मुंबईत गेलेल्या घराण्यांनाही हा धागा उपयोगी पडावा.

गिरगावकर

ताईंचे आजोबा लालबागला गावच्या गाळ्यात होते ना? मग मुंबईतला एक कागद विसरू नका. अशा गाळ्यांमागे गावचं ग्रामस्थ मंडळ असायचं आणि मंडळाच्या वर्गणीच्या वह्या असायच्या. कोण कुठल्या वाडीचा, कोणाच्या मुलाच्या लग्नाला किती आहेर, सगळं लिहिलेलं. वह्या आज कुणाच्या तरी माळ्यावर असतील. आधी त्या गाठा, कारण सरकारी दप्तर अजून राहील, माळे मात्र इमारतीच्या पुनर्विकासात एका दिवसात रिकामे होतात.

ज्यांची घरं मुंबईतच जुनी आहेत त्यांनी लॉटनच्या सर्वेक्षणाचे नकाशे बघावेत, १८६५ ते १८७२ मधले. १८९६च्या प्लेगनंतर १८९८ ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला आणि गल्ल्याच्या गल्ल्या पाडल्या. आजोबांच्या कागदावरची गल्ली आज सापडत नसेल तर ती त्या आधीच्या नकाशावर असू शकते.

कोयनाकाठची_लेक

गाळ्याच्या वह्यांचं मनातच आलं नव्हतं! मंडळाचे शेवटचे खजिनदार डोंबिवलीला आहेत, चुलते त्यांना ओळखतात. या रविवारी जाऊन येतो. साताऱ्याला अर्ज करताना नेमकं काय लिहू? एका कचेरीत तोंडी विचारलं तर ‘गाव बुडालं, रेकॉर्ड नाही’ एवढंच उत्तर मिळालं.

निवृत्त_मोजणीदार

तोंडी विचारू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ‘घराण्याची माहिती मिळावी’ असं लिहिलंत तर कारकुनाला कुठलं कपाट उघडायचं ते कळत नाही. असं लिहा: ‘मौजे अमुक, तालुका पाटण, सर्व्हे नंबर अमुक ते अमुक, यांचे कडईपत्रक, शेतवार पत्रक, आकारबंद व संपादनापूर्वीचे सर्व फेरफार यांची पाहणी करू द्यावी व नकला मिळाव्यात.’ एक अर्ज पाटणच्या भूमी अभिलेख उपअधीक्षकांना, एक तहसीलदारांच्या अभिलेख कक्षाला. निवाडा आणि संकलन रजिस्टर यांसाठी जिल्ह्याला वेगळा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात तोच मजकूर टाका. त्याआधी घरी बसून ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर गावाचं नाव घालून बघा, काही जुनी पानं स्कॅन झालेली आहेत.

नकला घेण्याआधी पाहणी करा. आजूबाजूची पानंही चाळा, नुसता आपला नंबर बघून वही मिटू नका. आणि त्या फाटक्या नकाशाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत कागद पिवळा पडून तिथेच तुटतो. सपाट ठेवा, मध्ये आम्लरहित कागद घाला. पाच सर्व्हे नंबर इथे टाकलेत तर अर्जाचा मसुदा मी करून देतो.