चर्चा धागा : उसाच्या नत्राचा डोस माती परीक्षणावरून ठरवावा का?

काळी_आई (धागाकर्ता)
युरिया किती टाकायचा हे आपल्याकडे शेजाऱ्याच्या पोत्यांवरून ठरतं. सुरू उसाची (हिवाळ्यात लावलेल्या) शिफारस हेक्टरी २५०:११५:११५ किलो नत्र:स्फुरद:पालाश, म्हणजे एकरी १०० किलो नत्र आणि ४६ किलो स्फुरद. स्फुरद डीएपीतून (डाय अमोनियम फॉस्फेट) दिलं तर दोन पोती लागतात आणि त्यातूनच १८ किलो नत्र जातं. उरलेल्या ८२ किलोसाठी युरियाची ४५ किलोची चार पोती पुरतात. सात-आठ पोती टाकणारे प्रत्येक शिवारात आहेत. पीक लोळतं, खोडकीड वाढते, रसाची गोडी उतरते आणि नत्र विहिरीत उतरतं. लागणीआधी माती परीक्षण करावं आणि त्यावरूनच नत्राचा आकडा धरावा, असं माझं ठाम मत आहे.

बांधावरचा
पोत्यांचा हिशेब मान्य. पण त्यात परीक्षण कुठे आलं? तो शिफारशीचा हिशेब झाला. उलट परीक्षणाने युरिया वाढतो, हे बघा.

आपल्या बहुतेक जमिनींत सेंद्रिय कर्ब कमी, म्हणून नत्रही कमी. उपलब्ध नत्र हेक्टरी २८० किलोच्या खाली आलं की अहवालात "कमी" लिहून येतं, आणि "कमी" आलं की शिफारशीपेक्षा २५ टक्के जास्त द्या असा सल्ला. म्हणजे एकरी १०० चे १२५ किलो झाले, सव्वा पोतं युरिया वाढला.

दुसरं म्हणजे, तो आकडा मोजतात कसा? अल्कधर्मी परमँगनेट पद्धतीत मातीतल्या सेंद्रिय नत्राचा सहज मोकळा होणारा भाग अमोनियाच्या रूपात काढतात. नायट्रेट (पाण्यासोबत वाहणारं नत्राचं रूप) त्यात धरलंच जात नाही, आणि ऊस नत्र उचलतो ते नायट्रेट म्हणूनही. स्फुरद-पालाश जागेवर राहतात, त्यांच्या चाचणीचा आकडा दोन-तीन वर्षं कामाला येतो. नायट्रेट एका मोठ्या पावसात मुळांखाली जातं. एप्रिलच्या नमुन्यावरून ऑगस्टचं नत्र कसं सांगणार?

मृदा_रसायन
बांधावरचा, तुमचा आक्षेप चाचणीवर नाही, तक्त्यावर आहे. तीन गटांच्या तक्त्यात १५० किलोवाला आणि २७० किलोवाला एकाच "कमी"त बसतात, आणि २७९ व २८१ मध्ये एकदम २५ टक्क्यांचा फरक पडतो. हा गोंधळ आहेच. म्हणून तर अपेक्षित उत्पादनावर आधारित खत समीकरणं आली. एवढ्या टनांसाठी पिकाला एवढं नत्र, त्यातून जमीन देणार तेवढं वजा, शेणखतातून येणार तेवढं वजा. तिथे गट नाहीत, अहवालातला प्रत्येक किलो हिशेबात येतो. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आपल्या पिकांसाठी ती बसवली आहेत. मात्र लक्ष्य आवाक्यातलं धरा. ६० टनांच्या रानात १०० टन मांडले तर समीकरण युरियाच वाढवून देणार.

आणि नत्राची रेघ बघताना बाकी अहवाल कोणी वाचत नाही, याचं वाईट वाटतं. सामू (पीएच) ८ च्या वर आणि चुनखडी जास्त असेल, तर वर फेकलेल्या युरियाचा अमोनिया हवेत जातो. २०१५ पासून बहुतेक सगळा युरिया कडुनिंबाच्या लेपाचा आहे, पण त्या लेपाने नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, अमोनिया उडणं थांबत नाही. अशा जमिनीत डोस वाढवण्याआधी पद्धत बदला. वाफशावर (माती ओलसर पण चिकटत नाही तेव्हा) पहारीने बुडख्यापासून १०-१५ सेंमी अंतरावर, तेवढंच खोल भोक घ्या, दोन भोकांत फूटभर अंतर ठेवा, खत टाकून मातीने बुजवा. खोडव्यात (तोडणीनंतर त्याच बुडख्यांतून फुटलेल्या उसात) तर याला पर्याय नाही.

नमुना_नीट_घ्या
दोघेही बरोबर असाल, पण नमुना चुकला तर सगळंच व्यर्थ. मृदा आरोग्य पत्रिकेच्या योजनेत बागायतीत अडीच हेक्टरला एक नमुना आणि जिरायतीत दहा हेक्टरला एक अशी जाळी ठरली होती. पत्रिकेवर नाव तुमचं असलं तरी माती तुमच्याच प्लॉटची असेल असं नाही. स्वतःचा नमुना घ्या. एकसारख्या रंगाच्या, उताराच्या तुकड्यात नागमोडी फिरत १०-१५ ठिकाणी इंग्रजी व्ही आकाराचा खड्डा करा, उसासाठी ३० सेंमीपर्यंत एकसारख्या जाडीची चकती काढा. सगळी माती मिसळून चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाकून द्या, अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा, कापडी पिशवीत भरा.

बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, पाटाची कड टाळा. खत देऊन अडीच-तीन महिने झाले नसतील तर थांबा. ठिबकच्या रानात बरेच जण फक्त तोटीखालचाच नमुना घेतात, तेही चुकतं, तिथे क्षार आणि खत दोन्ही वेगळे असतात. आणि युरियाच्या रिकाम्या पिशवीत माती भरून आणली तर नत्राचा आकडा पिशवीचा येतो!

भातखाचर
कोकणातून लिहितो. खाचरात पाणी उभं असताना नायट्रेट तिथेच वायू होऊन जातं, त्यामुळे नत्रासाठी आम्ही पानाकडे बघणं बरं. लावणीनंतर दोन आठवड्यांनी सुरुवात करून दर ७-१० दिवसांनी दहा रोपांची वरची पूर्ण उघडलेली पानं पर्णरंग तक्त्याशी (हिरव्या छटांची नंबर लावलेली पट्टी) जुळवायची, स्वतःच्या सावलीत, दर खेपेला त्याच वेळी. निम्म्याहून जास्त पानं ४ नंबरपेक्षा फिकट असली तरच युरिया.

बांधावरचा
भातखाचर, मी हेच म्हणतोय, पिकाच्या वेळेला मोजा. अमेरिकेत मका गुडघ्याखाली असताना वरच्या फूटभर मातीतलं नायट्रेट तपासतात, २५ पीपीएमच्या (दहा लाखांत २५ भाग) आसपास निघालं तर वरखत देतच नाहीत. आपल्या तालुक्याच्या प्रयोगशाळेत मोठ्या बांधणीआधी (उसाला माती लावण्याआधी) नायट्रेटचा निकाल आठवड्यात मिळेल, तेव्हा मी परीक्षणाच्या बाजूने.

काळी_आई
तोवर काहीच तपासायचं नाही? विहिरीचं पाणी तरी तपासा. पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम नायट्रेट असेल तर त्यात सुमारे १० मिलिग्रॅम नत्र असतं. हेक्टरवर एक सेंटीमीटर पाणी म्हणजे एक लाख लिटर, म्हणजे एक किलो नत्र. हंगामात असं ५० सेंमी पाणी दिलं तर हेक्टरी ५० किलो नत्र पाण्यातूनच आलं. "कमी" म्हणून वाढवलेले २५ टक्के तिथेच बरेचसे फिटतात.

बांधावरचा
हा हिशेब पटला. पण त्यातलं बरंच पाणी आठ-आठ सेंमीच्या पाळ्यांनी देतात, मुळांखाली जातं तेवढं वजा करा. ठिबकवर असाल तर ५० धरा, पाटपाण्यावर मी निम्म्याहून जास्त धरणार नाही. आणि वजा करताना बांधणीच्या ४० टक्क्यांच्या हप्त्यातून करा, सहा-आठ आठवड्यांच्या फुटव्याच्या हप्त्याला हात लावू नका.