धाप सहन करा, नडगीचं दुखणं नाही

पळायला लागलं की दोन मिनिटांत धाप लागते, मांड्या दुखतात, हे किती सोसायचं, असं नव्याने पळू लागलेल्या एकाने विचारलंय. धाप सोसायची, पण मापात. 5 मिनिटं भरभर चाला. मग 1 मिनिट पळणं, 2 मिनिटं चालणं, असं 8 वेळा. आठवड्यातून 3 दिवस, मध्ये एक दिवस सोडून. पळताना छोटं वाक्य बोलता आलं पाहिजे. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं, कारण पहिल्या दिवसापासून वेग जास्त असतो.

मांड्यांचं दुखणं 24 ते 72 तासांत सर्वांत जास्त असतं, दोन्ही पायांत साधारण सारखं, आणि चाललं की सैल पडतं. त्याला घाबरू नका. नडगीवर एकाच जागी बोट दाबल्यावर कळ आली किंवा पळताना दुखणं वाढत गेलं, तर मात्र थांबायचं. छातीत दाब, चक्कर आली तर लगेच थांबून डॉक्टर गाठा.

आणि ‘21 दिवसांत कुठलीही सवय लागते’ असं म्हणतात, ते कृपा करून विसरा! लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला कुणाला 18, तर कुणाला अंदाजे 254 दिवस लागतील असं दिसलं, मध्यक (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त) 66. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही.