मेलेल्यांवरची उधळपट्टी (रोखठोक यांना उत्तर, जरा लांबलंय)

तळघर

परवा रोखठोक यांनी लिहिलं होतं: "इजिप्तच्या तुतनखामन राजाच्या मुखवट्यात दहा किलो सोनं, आतल्या शवपेटीत शंभराच्या वर. सगळं मातीत. मेलेल्याला त्याचा काय उपयोग झाला? जगातलं प्रत्येक थडगं म्हणजे कुणातरी बड्याची घमेंड आणि पुरोहिताची कमाई. याला कला म्हणून माना डोलावणं बंद करा." खाली वाहवा आणि टाळ्या. तेव्हा गप्प बसलो, पण दोन दिवस ते डोक्यातून जाईना.

तुतनखामन पुढे केला की वाद जिंकायला सोपं जातं. १९२२ पासून जगानं तेवढंच एक थडगं फोटोत पाहिलंय. आता जरा मागं जा. रशियात व्लादिमीरजवळ सुंगीर. सुमारे ३४ हजार वर्षांपूर्वी दोन मुलं डोक्याला डोकं लावून पुरलेली. मॅमथच्या दाताचे दहा हजारांवर मणी त्यांच्या अंगावर. एक मणी घासून, भोक पाडून तयार करायला तासभर जरी धरला तरी हिशोब करा. त्यातल्या धाकट्याच्या मांड्यांची हाडं वाकलेली. इथं कुणा सम्राटाची घमेंड दिसते तुम्हाला? शेतीसुद्धा नव्हती हो तेव्हा!

मग उत्तर चिलीतले चिंचोरो. मासे पकडून जगणारी माणसं, ना राजा ना राजवाडा. इजिप्तच्या दोनेक हजार वर्षं आधी ममी करत होते. आणि कुणाच्या? तान्ह्या मुलांच्याही, जन्माआधीच गेलेल्यांच्याही. कातडं सोडवायचं, हाडांना काठ्या बांधून आकार द्यायचा, मातीचा लेप, चेहऱ्यावर मातीचा मुखवटा, वर काळा रंग. काही ममींवरचा रंग पुन्हा दिलेला आढळतो, म्हणजे पुरून मोकळे झाले नव्हते, जवळ ठेवलं होतं. तिथल्या नदीच्या पाण्यात आर्सेनिक आहे. त्यानं मुलं दगावत असावीत असा एका अभ्यासकाचा कयास आहे. कमाई कुणाची झाली ते सांगा.

इजिप्तच हवं असेल तर खा आणि मेरित घ्या. खा हा थडगी बांधणाऱ्यांवरचा मुकादम. १९०६ साली त्याचं थडगं न फुटलेलं सापडलं, सामान आता इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. बायको आधी गेली. तिची पेटी तयार नव्हती, म्हणून त्यानं स्वतःसाठी करून घेतलेली दिली. वर नाव त्याचंच आहे. तिला ती मोठी झाली, तर बाजूनं कापडं कोंबली. त्या कापडांवरही त्याचीच खूण.

याला उधळपट्टी म्हणणाऱ्यापुढे मी हात टेकले.

रोखठोक

निबंध छान. पण सुंगीर तुमच्याच अंगावर उलटतंय. ज्या मुलांनी आयुष्यात काही कमावलं नाही त्यांच्या अंगावर दहा हजार मणी, आणि तिथंच पुरलेल्या काही इतरांच्या वाट्याला जवळजवळ काही नाही. म्हणजे उतरंड जन्मानंच ठरलेली. असं म्हणणारे अभ्यासकही आहेत, मी एकटा नाही.

आणि इराकमधलं ऊर हे प्राचीन शहर का गाळलंत? पुरातत्त्वज्ञ वूलीनं तिथं उकरलेल्या 'महामृत्युकुंडा'त ७४ माणसं, त्यातल्या ६८ बायका, डोक्याला सोन्याच्या पानांचे साज. वूलीसाहेबांनी लिहिलं की प्यालातून विष घेऊन शांतपणे झोपी गेल्या. वा! पुढे अमेरिकेत तिथल्या दोन कवट्यांचे सीटी स्कॅन काढले, तर टोकदार हत्यारानं फोडलेल्या. शंभर वर्षं आपण त्या साजांना 'अप्रतिम कारागिरी' म्हणत आलो. चीनच्या पहिल्या सम्राटाबरोबर मूल नसलेल्या राण्या मारल्या, कारागीर आत कोंडले, असं त्यांच्याच इतिहासकारानं लिहून ठेवलंय. आठ हजार मातीचे शिपाई बघून तुम्ही म्हणणार, काय ते भाव चेहऱ्यावरचे.

अजून एक. ही उधळपट्टी आहे हे मी आज शोधून काढलेलं नाही. ग्रीक कायदेकार सोलोननं अथेन्समध्ये कायदा केला: मृताबरोबर तीनांहून जास्त वस्त्रं नकोत, बैल कापायचा नाही, गाल ओरबाडून रडायचं नाही. इ.स.पू. ३१७ च्या सुमारास तिथल्याच डिमिट्रिअस या शासकानं तर कोरीव थडग्यांवरच बंदी आणली, तीन हातांहून उंच खांब उभारायचा नाही. रोमच्या बारा पाट्यांत, म्हणजे त्यांच्या जुन्या लेखी कायद्यात, प्रेताबरोबर सोनं ठेवायला मनाई होती, दातांना बांधलेलं सोडून. प्राचीन लोकांनाच ते पटत नव्हतं, आणि तुम्हाला इथं बसून गहिवर.

कुंपणावरचा

दातांचं सोनं सोडलं हे वाचून रोमन लोकांविषयी एकदम आपुलकी वाटली. कायदा करणाऱ्याच्या घरात नक्की कुणाला तरी सोन्याचे दात असणार.

वीट

रोखठोक, बंदी कशावर येते? जे सगळेच करत असतात त्यावर. फक्त चार बडे लोक करत असते तर कायदा कशाला लागला असता? हे तुमच्या लक्षात आलं नाही की आणून घ्यायचं नव्हतं?

आणि घमेंड हा शब्द तुम्ही शिवीसारखा वापरताय. रोममध्ये पोर्ता माज्जोरे या वेशीपाशी यूरिसेसीसचं थडगं आहे. पाव भाजणारा माणूस, बहुधा आधी गुलाम असलेला. थडग्यावर काय कोरलंय? दळण, मळणं, भट्टी, वजन. सगळा धंदा. भोवती मोठाली गोल भोकं, पीठ मळायच्या यंत्राची असावीत म्हणतात. शुद्ध घमेंड आहे ती! आणि मला ती फार आवडते. सेनापतींनी कमानी उभारल्या तर इतिहास, पाववाल्यानं भट्टी कोरली तर उधळपट्टी?

उभाआडवा

तुम्ही काहीही म्हणा, पिरॅमिड गुलामांच्या पाठीवर चाबूक ओढूनच बांधले. तिथंच विषय संपतो.

वीट

नाही संपत!! हे किती वेळा लिहायचं? १९९० साली गिझात एका घोड्याचा पाय अडखळला आणि कामगारांची दफनभूमी उघडी पडली. पिरॅमिडच्या सावलीत, बरोबर भाकरी-बिअरची भांडी. मोडलेली हाडं नीट बसवलेली, बरी झालेली. ज्याला चाबकानं मारायचं त्याचं हाड कोण बसवतं आणि त्याला राजाशेजारी कोण पुरतं? सक्तीची वेठ असेल, मान्य. पण सिनेमातलं दृश्य म्हणजे पुरावा नव्हे. पुढच्या काळात, राजांची थडगी खोदणाऱ्यांच्या वस्तीत हजेरीपट होता. गैरहजेरीची कारणं लिहिलेली सापडलीत: विंचू चावला, बिअर गाळतोय, आईचं प्रेत गुंडाळतोय. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या २९ व्या वर्षी धान्य वेळेवर मिळालं नाही तर याच लोकांनी काम टाकून धरणं धरलं. गुलाम संप करतात का?

उभाआडवा

एवढं चिडायला काय झालं? एक ओळ लिहिली होती.

वीट

तीच ओळ गेली पंधरा वर्षं वाचतोय.

संध्याछाया

तुमचं कलेचं आणि उधळपट्टीचं चालू द्या. मला वेगळंच खुपतंय. मी २२ वर्षं नर्स आहे. माणूस गेला की पहिली काही मिनिटं आमची असतात. डोळे मिटायचे, हनुवटीला पट्टी द्यायची, नाहीतर तोंड उघडं राहतं आणि तेच घरच्यांच्या कायमचं लक्षात राहतं. नळ्या काढायच्या, केस सारखे करायचे, चादर छातीपर्यंत ओढायची, मग दार उघडायचं. कुणी शिकवलेलं नसतं अशा हळुवारपणे नवीन पोरीसुद्धा हे करतात.

आणि मग एका संग्रहालयात गेले होते. कुठल्या ते सांगत नाही. काचेत एक बाई. पट्ट्या सोडवलेल्या, तोंड उघडं. बाजूला दोघं वाकून दात मोजत होते, एकानं तसंच तोंड करून फोटो काढला. मी तिथून बाहेर आले ती परत आत गेलेच नाही. तळघर, तुमच्या चिंचोरोंनी चेहऱ्यावर मातीचा मुखवटा का दिला ते मला पुस्तकाशिवाय कळतं. आपण मात्र तो काढून बघतो.

धातुशोधक

ताई, भावना समजली, पण मग संग्रहालयं बंद करायची का? काचेत नसते तर त्या बाईबद्दल आपल्याला काहीच कळलं नसतं. इजिप्तच्या लोकांची स्वतःची इच्छा काय होती? नाव टिकावं, घेतलं जावं. आज पोरंसोरं रामसेसचं नाव घेतात. याहून अमरत्व ते काय?

संध्याछाया

नाव घेणं वेगळं आणि अंगावरचं कापड फेडणं वेगळं. तुमच्या आजीचं नाव घराला द्या, कुणी काही म्हणणार नाही.

धातुशोधक

आजीपर्यंत जायचं कारण नव्हतं.

तळघर

धागा कशाबद्दल होता ते मी विसरत चाललोय, पण ताईंचा मुद्दा नवा नाही. १८३० च्या दशकात लंडनमध्ये पेटिग्रू नावाचे डॉक्टर तिकीट लावून ममी सोडवत. त्याआधी कितीतरी वर्षं लोक ममीची पूड औषध म्हणून घेत होते, चित्रकारांच्या तपकिरी रंगातही ती असे. १८९० मध्ये तर मांजरांच्या ममी, सुमारे १ लाख ८० हजार, लिव्हरपूलला नेऊन खत म्हणून विकल्या. इजिप्तमध्ये खुद्द राष्ट्राध्यक्ष सादात यांनी १९८० च्या सुमारास राजांच्या ममींचं दालन बंद करवलं होतं, ते पुन्हा उघडलं १९९४ ला. मग ३ एप्रिल २०२१ ला बावीस राजे-राण्यांची मिरवणूक काढून नव्या संग्रहालयात नेलं. तिथं मंद उजेड आहे, थडग्यात उतरल्यासारखी रचना. काच मात्र आहेच.

कुंपणावरचा

१ लाख ८० हजार मांजरं??

गोगलगाय

मिरवणूक वगैरे ठीक, पण तो दुसऱ्या रामसेसच्या ममीच्या पासपोर्टचा फोटो कृपा करून कुणी टाकू नका. १९७६ ला बुरशीवर उपचार करायला त्याला पॅरिसला नेलं हे खरं, पण ते फिरणारं चित्र अलीकडं कुणीतरी बनवलेलं आहे. तसंच 'प्रेत स्टँडला टेकवून उभं केलेलं' म्हणून जे एकोणिसाव्या शतकातले जुने फोटो फिरतात ते. तो स्टँड जिवंत माणसाचं डोकं हलू नये म्हणून असायचा. प्रेताचं वजन तो पेलूच शकत नाही. मेलेल्यांचे फोटो त्या काळी काढत, पण निजलेले किंवा आईच्या मांडीवर. स्टँड दिसला की समजा, माणूस जिवंत आहे.

रोखठोक

चला, एकाचं तरी प्रेत जिवंत निघालं.

ताईंशी मी सहमत आहे, आणि हे मला स्वतःलाच विचित्र वाटतंय. आयरिश धिप्पाड चार्ल्स बर्न बघा. १७८३ ला गेला. मला समुद्रात सोडा म्हणून मित्रांना सांगून ठेवलं होतं, कारण शरीरशास्त्रवाले टपून होते. हंटर नावाच्या शल्यविशारदानं पैसे चारून देह मिळवलाच. दोनशे वर्षांवर सांगाडा संग्रहालयात उभा करून ठेवला. २०२३ ला प्रदर्शनातून काढला, पण समुद्रात सोडला का? नाही. अभ्यासासाठी ठेवलाय. जिवंतपणी स्पष्ट सांगितलेलं जर पाळत नसतील, तर चार हजार वर्षांपूर्वीच्यांची इच्छा काय पाळणार?

धातुशोधक

पण रोखठोक, तुमचंच वाक्य आहे, "मेलेल्याला काय उपयोग". मग बर्नला समुद्र काय आणि कपाट काय? त्याला थोडंच कळतंय?

वीट

😀 आला का पेचात!

रोखठोक

तो वेगळा मुद्दा आहे. तिथं फसवणूक आहे.

धातुशोधक

कुणाची? मेलेल्याची? मेलेल्याला फसवता येत असेल तर त्याच्यासाठी मणीही करता येतात.

रोखठोक

शब्दांत पकडायचं असेल तर खुशाल पकडा. मी सोन्याबद्दल बोलत होतो, सत्तेबद्दल बोलत होतो. तुम्ही लोक एक मुकादम आणि एक पाववाला दाखवून ऊरमधल्या ७४ जणांना झाकताय. भावनिक होऊन इतिहास करता येत नाही.

तळघर

झाकत नाहीये. ऊर भीषण आहे. मी मुद्दाम गाळलं, कारण ते माझ्या म्हणण्यात बसत नव्हतं. घ्या, कबूल केलं. पण 'जगातलं प्रत्येक थडगं' हे शब्द तुमचे आहेत, तेवढे मागे घ्या.

संध्याछाया

रोखठोक, राग मानू नका, एकच विचारते. तुमच्या घरचं कुणी गेलंय का?

रोखठोक

हा काय प्रश्न झाला? वैयक्तिक व्हायचं काम नाही. तुमच्या नोकरीचा दाखला दिलात तेव्हा मी काही बोललो का?

वीट

ताईंनी साधं विचारलंय, त्यात खवळण्यासारखं काय?

कुंपणावरचा

सगळे जण पाणी प्या.

रोखठोक (रात्री १:४०)

'प्रत्येक' मागे घेतो. 'बहुतेक' ठेवतो. चिंचोरो मान्य. पाववाला नाही, तो घमेंडखोरच.

वडील गेले तेव्हा भावानं त्यांचा चष्मा खिशात ठेवला. त्याशिवाय त्यांना समोरचा माणूस ओळखू येत नसे. मी म्हणालो, हे जळून जाणार, नंबर कुणाला तरी चालेल, काढून घे. सगळ्यांदेखत म्हणालो. भाऊ दोन महिने माझ्याशी बोलला नाही. अजूनही माझं म्हणणं चूक होतं असं मला वाटत नाही. चष्मा कुणाला तरी चालला असता. पण त्यानं तो खिशात घालताना आधी शर्टाला पुसला होता, ते काही डोळ्यांपुढून जात नाही.

यावर कुणी काही लिहू नका.

तळघर

बरं.

गोगलगाय

अवांतर: त्या मांजरांचा लिलाव टनावर झाला होता, आणि लिलाव करणाऱ्यानं हातोडा म्हणून ममीचंच एक डोकं वापरलं अशी गोष्ट सांगतात. खरी की रचलेली, कुणास ठाऊक.

कुंपणावरचा

मांजरांसाठी वेगळा धागा काढा, मी येतो.